पुराणांची साक्ष आणि सातवाहनांचा इतिहास

पुराणांतील कलियुगाच्या राजवंशांचा भाग वाचताना प्रथम मनात भरते ते हे की, होऊन गेलेल्या राजांची हकीकत तेथे पुढे होणाऱ्या राजांची म्हणून सांगितलेली आहे. नैमिषारण्यातील दीर्घसत्रासाठी जमलेल्या ऋषींना सूत सांगतो की, मगधात अमुक नावाचा राजा होईल, तो इतकी वर्षे पृथ्वीचा उपभोग घेईल, मग त्याचाच सेवक त्याला मारून सिंहासनावर बसेल. याच भविष्यवाणीच्या ओघात मौर्यांना १३७ वर्षे, शुंगांना ११२ आणि काण्वायनांना ४५ अशी वाटणी होते, आणि शेवटचा काण्व सुशर्मा याचा उच्छेद करून आंध्रजातीय सिमुक राज्य बळकावील, असे सांगून सूत पुढल्या वंशाकडे वळतो. या आंध्रांपैकी, म्हणजेच सातवाहनांपैकी, गौतमीपुत्र, पुलोमा, यज्ञश्री ही नावे आज महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सुशिक्षित माणसाला ती पोथीतल्या इतर असंख्य नावांइतकीच दूरची होती. या नावांना देह कसा मिळाला, आणि तो मिळवून देताना पोथीवर किती विश्वास टाकावा हा प्रश्न विद्वानांनी कसा सोडविला, ती कथा सांगण्याचा येथे विचार आहे. धर्मग्रंथ हा इतिहास म्हणून वाचावा की नाही, या वादाला आपल्याकडे जो ऊत येतो त्यात हे एक उदाहरण शेवटपर्यंत तपासून पाहण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

पोथ्यांचे आपसांतले म्हणणे आधी पाहू. वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत ही चारही पुराणे आंध्र राजे तीस झाले असे म्हणतात. पण वायूच्या पोथ्यांत नावे मोजावीत तर ती सतरा, अठरा किंवा फार तर एकोणीस भरतात, आणि विष्णू-भागवतांतही तिसाचा आकडा पुरा होत नाही. उलट मत्स्यपुराण राजे एकोणीस असल्याचे सांगते आणि त्याच्या काही पोथ्या प्रत्यक्षात नावे मात्र तिसाच्या घरात देतात. एकंदर कारकीर्द मत्स्यात ४६० वर्षांची आहे, विष्णू, भागवत व ब्रह्मांड यांत ४५६ वर्षांची, वायूत ४११ वर्षांची. पहिल्या राजाचे नाव कोठे शिशुक, कोठे सिंधुक, तर कोठे शिप्रक असे येते. पिढ्यान् पिढ्या नकला करणाऱ्या लेखकांच्या हातून, मूळ अक्षर जीर्ण झाल्यामुळे किंवा अपरिचित प्राकृत नावाला संस्कृत रूप देण्याच्या हौसेमुळे, अशी रूपांतरे व्हावीत हे स्वाभाविकच होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या साऱ्या सामग्रीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा होत्या. पुराणिकाच्या आसनासमोर बसणाऱ्या श्रोत्याला सूताच्या वचनाविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. दुसऱ्या बाजूस इंग्रजी ग्रंथकार होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना क्षीरसमुद्राची व लक्षावधी वर्षांच्या युगांची वर्णने देणाऱ्या ग्रंथातून एकही विश्वसनीय तारीख निघेल ही कल्पनाच सहन होत नसे. जेम्स मिलसारख्या लेखकाने तर हिंदूंच्या सर्व प्राचीन परंपरेला कल्पित म्हणून एका फटक्यात बाजूस सारले. होरेस हेमन विल्सन यांनी १८४० साली विष्णुपुराणाचे भाषांतर सटीप प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी निरनिराळ्या पुराणांतील वंशावळी शेजारी शेजारी मांडून काही नियमित काम केले हे खरे. परंतु पुराणाची तुलना पुराणाशीच करून खरेखोटे ठरणार नव्हते. एका साक्षीदाराने सांगितलेली गोष्ट त्याच्याच घरातल्या दुसऱ्या चौघांनी सांगितली म्हणून सिद्ध होत नाही. बाहेरचा, स्वतंत्र, त्या काळाशी समकालीन असा पुरावा हवा होता, आणि तो सह्याद्रीच्या कडेकपारींत दीड-दोन हजार वर्षे उघड्यावर पडलेला होता.

कोकणातून वैशाखऱ्याच्या बाजूने जुन्नरकडे चढणारी जुनी वाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेली एक मोठी चौकोनी गुहा आहे, जिच्या भिंतींवर लांबलचक ब्राह्मी लेख आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ च्या सुमारास या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, परंतु तेव्हा ती लिपी वाचू शकणारा मनुष्य हयात नव्हता. १८३७ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केला; त्याच वर्षी सिंहलद्वीपातील महावंस या बौद्ध ग्रंथाच्या आधारे जॉर्ज टर्नर यांनी शिलालेखांतला प्रियदर्शी राजा म्हणजे अशोकच असे दाखवून दिले. धर्मग्रंथ आणि दगड यांची अशी पहिली मोठी भेट झाली ती बौद्ध ग्रंथाच्या मध्यस्थीने झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नाणेघाटाला मात्र अजून काही दशके वाट पाहावी लागली. जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी आपल्याजवळ आणून ताम्रपट व शिलालेख वाचण्याच्या कामाला लावले होते. त्या दोघांच्या परिश्रमाने पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे लेख एकामागून एक उकलत गेले, आणि नाणेघाटातील अंकांची चिन्हे भगवानलालांनी वाचली तेव्हा हिंदी अंकलेखनाच्या इतिहासातही भर पडली.

त्या गुहेच्या मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती एका रांगेत कोरलेल्या होत्या. त्या कधीच्याच फुटल्या. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. परंतु मूर्तींच्या वरची नावे शाबूत राहिली. त्या नावांत पहिले नाव होते सातवाहन कुळातील राजा सिमुक याचे, आणि त्यापुढे देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णी यांचे, एका महारठ्याचे आणि राजकुमारांचे. पोथ्यांतल्या निरनिराळ्या रूपांमागचे मूळ नाव सिमुक होते, हे असे दगडाने सांगितले. पोथीतले एक नाव, ज्याला कोणी कल्पित म्हटले असते तर त्याचे तोंड बंद करण्यास काही साधन नव्हते, ते ऐन राजवंशाच्या प्रारंभीच्या काळात कोरलेल्या अक्षरांत समोर उभे राहिले. नाशिकच्या पांडवलेण्यांतही असाच एक छोटा लेख आहे. सातवाहन कुळातला कृष्ण राजा असताना नाशिकच्या एका श्रमण महामात्राने लेणे केल्याची नोंद त्यात आहे. सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण गादीवर आला असे पुराणे म्हणतात, तोच हा कृष्ण.

पण याच ठिकाणी दुसरी एक गोष्टही निदर्शनास येते. विष्णू व भागवत ही पुराणे श्रीशातकर्णीला कृष्णाचा पुत्र म्हणतात. नाणेघाटात मात्र सिमुक आहे, सातकर्णी आहे, कृष्ण नाही. ज्या राणी नायनिकेने पतीच्या अश्वमेध-राजसूयादी यज्ञांची व गाई, हत्ती, घोडे, कार्षापण अशा दक्षिणांची विगतवार यादी कोरविली, तिने आपल्या प्रत्यक्ष सासऱ्याला वगळून त्याच्या भावाची मूर्ती बसविली असेल हे संभवत नाही. म्हणून सातकर्णी हा सिमुकाचाच मुलगा असावा असे अनुमान पुष्कळ अभ्यासकांनी काढले आणि ते मला योग्य वाटते. पोथीने नाव बरोबर सांगितले आणि नाते बहुधा चुकविले.

या सर्व विखुरलेल्या साधनांना एका सूत्रात ओवून दक्षिणेचा पहिला शास्त्रशुद्ध प्राचीन इतिहास सिद्ध करण्याचे श्रेय रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्यांनी लिहिलेला दक्षिणेचा हा इतिहास १८८४ साली प्रसिद्ध झाला आणि १८९५ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. ग्रंथ आकाराने मोठा नाही. त्याचे महत्त्व पद्धतीत आहे. भांडारकर प्रार्थनासमाजाचे धुरीण, नित्य उपासना करणारे, संस्कृत विद्येत मुरलेले. त्यांना पुराणांविषयी तुच्छता नव्हती आणि भाबडेपणाही नव्हता. पुराणांचे म्हणणे, नाशिक-कार्ले-कान्हेरी येथील लेख, क्षत्रपांची नाणी, आणि ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने पैठणच्या राजाचे म्हणून दिलेले नाव, जे पुलुमावीचेच, म्हणजे पोथ्यांतल्या पुलोमाचेच, ग्रीक रूप आहे, ही सर्व साधने त्यांनी समोरासमोर आणली. आणि संशोधकाने वकिलाची नव्हे, न्यायाधीशाची वृत्ती धरावी हा जो आग्रह ते आपल्या व्याख्यानांतून धरीत, तो स्वतः आचरून दाखविला. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष टिकला असे नाही. गौतमीपुत्र व पुलुमावी या पितापुत्रांनी एकाच वेळी दोन ठिकाणी राज्य केले असे त्यांचे मत होते, ते पुढील पिढीने बहुतांशी टाकून दिले. परंतु ते टाकून देताना वापरलेली तराजू भांडारकरांनीच बनवून ठेवलेली होती.

आता गौतमीपुत्राचा प्रसंग घेऊ, कारण पुराणांची शक्ती आणि मर्यादा दोन्ही येथे जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या अन्यत्र दिसत नाहीत. मत्स्यादी पुराणांत त्याच्या वाट्याला नाव आणि २१ वर्षे एवढेच आले आहे. सामान्य राजाला जेवढी जागा तेवढीच त्याला. हाल राजाला पाच वर्षे, याला एकवीस, पुढे चला. या एकवीस वर्षांत दक्षिणापथाचा कायापालट झाला याचा सुगावाही पोथीतून लागत नाही. नाशिकच्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत त्याची आई गौतमी बलश्री हिने नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुलुमावीच्या, कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी जो लेख कोरविला तो वाचावा, म्हणजे पोथी काय सांगावयाची राहिली ते कळते. अश्मक, मूळक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशा प्रदेशांचा तो स्वामी; शक, यवन, पह्लव यांचे निर्दालन करणारा; क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करून सातवाहन कुळाचे यश पुनः स्थापन करणारा; प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होणारा, धर्माने मिळेल तेवढाच कर घेणारा. पुत्राच्या मृत्यूनंतर वृद्ध मातेने भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्याच्या निमित्ताने केलेले हे स्मरण प्राचीन महाराष्ट्राच्या लेखनातील एक थोर गद्य आहे, आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना मुळातून वाचावयास मिळत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

क्षहरातांचा उच्छेद म्हणजे त्या वंशाचा क्षत्रप नहपान याचा पराभव. या नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची जंत्री त्याच डोंगरातल्या दहाव्या लेण्यात आहे: तीन लक्ष गाई, देवब्राह्मणांना सोळा गावे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा, दमण, तापी, डहाणू इत्यादी नद्यांवर फुकट तरी. नहपानाचे नाव पुराणांच्या आंध्रवंशाच्या कथनात कोठेच नाही. विदिशेच्या राजांत येणारा एक नखवान तोच असावा असे काहींनी सुचविले आहे, पण ते सूचनेपलीकडे जात नाही. आणि तरीही सत्तांतर झाले याचा पुरावा सरकारी दप्तरातल्या कागदासारखा आपल्यासमोर आहे. आपल्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठविला की, आजवर उषवदाताच्या वहिवाटीत असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मी, म्हणजे याच पांडवलेण्यांच्या, डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम सुटला: त्या शेताचे गाव ओस पडले आहे, शेत कसले जात नाही, सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरील सरकारी शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. इनामाची अदलाबदल करण्याचा हा साधा कारभारी मजकूर आहे, त्यात कोणाची स्तुती नाही. म्हणूनच तो बहुमोल आहे. आणि पुराणांनी ज्याला एकवीस वर्षे दिली तो राजा चोविसाव्या वर्षी जिवंत राहून हुकूम काढीत होता, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५० होती, सर्व नहपानाची. आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे ठोकून ती पुनः चलनात आणलेली होती. जिंकलेल्या राजाच्या मुखवट्यावर जिंकणाऱ्याचा छाप, याहून बोलका पुरावा मागणारा मनुष्य कोणत्याच पुराव्याने समाधान पावणार नाही. भांडारकर तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. बलश्रीच्या लेखावरून त्यांनी व त्यांच्या समकालीनांनी बांधलेला तर्क धातूने असा खरा केला.

येथेच एका जैन परंपरेची आठवण करावी लागते, कारण धर्मग्रंथांत इतिहास कसा टिकतो आणि कसा बदलतो हे तिच्यात पाहावयास मिळते. आवश्यकनिर्युक्ती व तिच्यावरील टीकाग्रंथ यांत भरुकच्छाचा नहवाण आणि पैठणचा सालवाहन यांची कथा आहे. नहवाण कोशाने समृद्ध, सालवाहन सैन्याने. सालवाहन वेढा घालतो. नहवाण शत्रूची डोकी आणून देणाऱ्यांवर द्रव्याचा वर्षाव करतो, आणि सालवाहनाचे सैन्य झिजते. तेव्हा सालवाहनाचा अमात्य रुसून निघून गेल्याचे सोंग करून नहवाणाच्या पदरी राहतो, आणि परलोकी उपयोगी पडेल म्हणून देवळे, तळी, स्तूप यांवर सर्व खजिना खर्च करावयास त्याला लावतो. कोश रिता होताच सालवाहन येतो आणि नहवाणाचा अंत होतो. कथेचा हेतू अर्थात धर्मोपदेशाचा आहे आणि कपटी अमात्य तर लोककथांच्या ओळखीचा. परंतु धनाढ्य नहपान, पैठणचा सातवाहन, भडोचचे स्थान, अखेरचा पराभव ही चौकट खरी ठरली; आणि उषवदाताची ती अफाट दानयादी वाचल्यावर, रित्या होत गेलेल्या कोशाची स्मृती लोकांत उरली असावी असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. येथे मी विचार म्हणतो, निष्कर्ष म्हणत नाही. अमात्याच्या कपटाला लेखात किंवा नाण्यात आधार मिळत नाही तोवर त्याला इतिहासात जागा नाही.

राजांच्या वर्षांचा पडताळा असाच मिश्र आहे. यज्ञश्रीला काही पोथ्या २९ वर्षे देतात, काही १९; तत्कालीन कृष्णा जिल्ह्यात चिन्न येथे त्याच्या सत्ताविसाव्या वर्षाचा लेख मिळाल्यामुळे एकोणीस बाद झाले आणि एकोणतिसाचा पाठ ग्राह्य ठरला. दोन पाठांच्या तंट्यात दगडाने एकाच्या बाजूने निकाल दिला. विजयाला पुराणे सहा वर्षे देतात आणि नागार्जुनकोंड्याला त्याचा लेख सापडला तो सहाव्या वर्षाचाच. शेवटच्या पुलोमाला सात वर्षे दिली आहेत. म्याकडोणीचा लेख आठव्या वर्षाचा आहे. आपीलक हे नाव पुराणांबाहेर कोणाला माहीत नव्हते. छत्तीसगढात महानदीच्या काठी त्याचे तांब्याचे नाणे मिळाले आणि तोही खऱ्या माणसांत आला. शेकडो वर्षे पाठांतराने आणि नकलांनी चालत आलेल्या यादीत एवढे सत्य शिल्लक राहावे, ही सूतपरंपरेच्या निष्ठेची मोठीच पावती आहे. देव, ऋषी व राजे यांच्या वंशावळी धारण करणे हा सूताचा स्वधर्म असल्याचे पुराणेच सांगतात, आणि या वंशाच्या बाबतीत तो धर्म बऱ्याच अंशी पाळला गेला.

मग काळाची बेरीज का जुळत नाही? पुराणांचे शब्द अक्षरशः घेतले तर मौर्य, शुंग, काण्व असा हिशेब करीत सुशर्म्याचा वध इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस येतो. तेथून पुढे आंध्रांची ४६० वर्षे मोजली तर त्यांचे राज्य पाचव्या शतकात संपले असे म्हणावे लागेल. पण गिरनारच्या पायथ्याशी महाक्षत्रप रुद्रदामन याचा शक ७२ चा, म्हणजे इसवी सन १५० चा लेख आहे; दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिल्याचे तो सांगतो. तिसऱ्या शतकात नाशिकला आभीर राजा ईश्वरसेनाची कारकीर्द चालू झालेली होती, आणि चौथ्या शतकात विदर्भात वाकाटक नांदत होते. पाचव्या शतकापर्यंत सातवाहनांना ओढीत नेण्यास जागाच उरत नाही. म्हणजे सिमुकाने काण्वाला मारले हे खरे धरावे तर ४६० वर्षे सोडावी लागतात, आणि ४६० वर्षे खरी धरावीत तर सिमुक दोन शतके मागे नेऊन काण्ववध सोडावा लागतो. दोन्ही विधाने एकाच पोथीत, एकाच भविष्यवाणीत, एकाच सूताच्या तोंडी आहेत. ज्यांना पुराणातील प्रत्येक अक्षर इतिहास म्हणून मानावयाचे आहे त्यांनी या ठिकाणी कोणते अक्षर मानावयाचे हे सांगितले पाहिजे. आजवर कोणी सांगितलेले नाही.

अशा घोटाळ्यांचे कारण कळण्यास फार दूर जावे लागत नाही. पुराणकाराने एकाच काळी निरनिराळ्या प्रांतांत राज्य करणाऱ्या घराण्यांना पुष्कळदा एकापुढे एक ठेवले. अवंतीचे प्रद्योत हे असेच मगधाच्या यादीत शिरले. इक्ष्वाकूंच्या वंशात तर शाक्य, शुद्धोदन, सिद्धार्थ व राहुल ही नावे अयोध्येच्या राजांप्रमाणे क्रमाने येतात आणि त्यांच्यानंतर प्रसेनजित येतो, जो वास्तविक बुद्धाचा समवयस्क. ज्याने राज्य टाकले तो आणि ज्याला राज्य कधी मिळालेच नाही तो, दोघेही राजे झाले! मराठ्यांच्या अमदानीत पाटीलकी-कुळकर्णाच्या तंट्यात वादी-प्रतिवादी आपापल्या वंशावळी गोतापुढे मांडीत, आणि गोतसभा त्या वंशावळी फाडूनही टाकीत नसे की डोळे मिटून शिरोधार्यही मानीत नसे. शिवारातल्या शेजाऱ्यांच्या साक्षी, जुनी खुर्दखते, सनदांवरचे शिक्के यांच्याशी ताडून पाहून मगच महजर होई. पुराणातील वंशावळीलाही याहून कमी किंवा अधिक मानाची वागणूक देण्याचे कारण नाही. विख्यात पुराणसंशोधक पार्जिटर हे कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश होते, आणि १९१३ साली त्यांनी कलियुगातील राजवंशांच्या पुराणपाठांची जी चिकित्सक आवृत्ती काढली तिच्यात पोथ्यापोथ्यांतील पाठभेद इतक्या काटेकोरपणे नोंदले आहेत की, त्यांचे सिद्धांत न पटणाऱ्यालाही त्यांची आवृत्ती टाळता येत नाही. हा भाग प्रथम यज्ञश्रीच्या काळाच्या आसपास संकलित झाला आणि पुढे त्यात भर पडली, असे त्यांचे अनुमान. गंगेकाठी प्रयाग, साकेत, मगध एवढ्यावर राज्य करणाऱ्या गुप्तांपाशी येऊन ही भविष्यवाणी थांबते. समुद्रगुप्ताच्या दिग्विजयाची तिला वार्ता नाही, यावरून ती केव्हा संपविली गेली हे समजते.

येथवर वाचून कोणी असे समजेल की पोथी संशयित आणि दगड निर्दोष. तसे नाही, आणि हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण आमच्या नवशिक्षितांत शिलालेखांविषयीही एक नवी अंधश्रद्धा रूढ होऊ पाहत आहे. ज्या बलश्रीच्या लेखाची एवढी महती वर गायिली, त्यातच गौतमीपुत्राच्या युद्धात वायू, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, गंधर्व, चंद्र, सूर्य व ग्रह सामील झाल्याचे लिहिले आहे, आणि त्याचे तेज नाभाग, नहुष, जनमेजय, सगर, ययाती, राम, अंबरीष यांच्यासारखे म्हटले आहे. पुराणातली अद्भुत सृष्टी अशी दगडातही आहे. या नावांच्या उल्लेखावरून जनमेजय किंवा ययाती ऐतिहासिक ठरत नाहीत. दुसऱ्या शतकात बौद्ध भिक्षूंना लेणे देणाऱ्या राजमातेच्या दरबारी ही नावे सर्वतोमुखी होती एवढे ठरते, आणि तेवढे पुष्कळ आहे. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर रविकीर्ती कवीने शक ५५६ या वर्षी भारती युद्धाला ३७३५ वर्षे झाल्याचे कोरविले. या लेखाच्या आधाराने युद्धाचा काळ इसवी सनापूर्वी ३१०१-०२ ठरविणारे विद्वान महाराष्ट्रात थोर थोर होऊन गेले, चिंतामणराव वैद्य त्यांत अग्रेसर. पण रविकीर्ती त्याच्याच हिशेबाने युद्धानंतर साडेतीन हजारांहून अधिक वर्षांनी लिहीत होता; त्याचा दगड सातव्या शतकातील ज्योतिष्यांचा समज प्रामाणिकपणे सांगतो, युद्धाची तारीख सांगू शकत नाही. घटनेपासून किती अंतरावर, कोणाच्या इच्छेने आणि कोणत्या कामासाठी लिहिले गेले, हे तीन प्रश्न पोथीला जसे विचारावयाचे तसेच दगडालाही.

या प्रश्नांनी पुराणांच्या पावित्र्याला धक्का लागतो अशी भीती ज्यांना वाटते त्यांच्याविषयी मला अनादर नाही. परंतु सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित ही पुराणाची पाच लक्षणे पूर्वाचार्यांनीच सांगितली आहेत, आणि त्यांत वंशानुचरिताला पाचवी जागा दिली आहे. चातुर्मासात भागवत ऐकणारा श्रोता भक्तीसाठी बसतो. शिप्रक की सिमुक, यावर त्याची भक्ती अवलंबून नसते. उलट श्रद्धेला इतिहासाच्या पुराव्याची टेकण लावली की प्रत्येक नव्या उत्खननाबरोबर श्रद्धा थरथरू लागते. भांडारकर रोज उपासना करीत आणि रोज पोथ्यांची उलटतपासणी करीत. त्यांच्या चरित्रात या दोहोंचा विरोध आल्याचे दिसत नाही.

विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९१९ च्या सुमारास भांडारकरांच्याच नावाने पुण्यात स्थापन झालेल्या संस्थेच्या नियतकालिकात दाखवून दिले की, पुराणे या राजांना आंध्र म्हणत असली तरी त्यांच्या स्वतःच्या लेखांत ते आपल्याला कधीही आंध्र म्हणवीत नाहीत, आणि त्यांचे सर्वांत जुने लेख पश्चिमेकडे, महाराष्ट्रातच सापडतात. पुढे याच सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन हाती घेतले, आणि शेकडो पोथ्या ताडून मिळणारी संहिता ही व्यासांच्या मुखातली मूळ वाणी आहे असा दावा कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितके जाणे, एवढेच आपले काम मानले. १९३९ साली वऱ्हाडातल्या तऱ्हाळे गावी सातवाहनांच्या सुमारे १,६०० नाण्यांचा साठा मिळाला आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात पुलुमावी, यज्ञश्री, विजय ही पुराणातील नावे आहेतच. पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी तीन नावेही आहेत, जी कोणत्याही पुराणाच्या ज्ञात पाठात सापडत नाहीत.

म्हणून या वंशापुरता माझा निवाडा असा आहे: पुराणातील नावे, ती नाकारण्यास सबळ कारण मिळेपर्यंत, स्वीकारावीत, क्रम व नाती तपासून घ्यावीत, आणि वर्षांचे आकडे, लेख किंवा नाणे पाठीशी असल्यावाचून, कोणत्याही इतिहासग्रंथात निश्चित म्हणून छापू नयेत.